राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि आपले मंडळ

आपल्या मंडळाला ह्या मार्गशीर्षात पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे चरित्र कुणीतरी थोडक्यात लिहावे असे ठरले आणि ते काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. मला आधी हसूच आले. मी सातवी शिकलेली. त्यानंतर लेखणी हाती धरली ती किराण्याची यादी करायला आणि बचत गटाच्या वहीत आकडे मांडायला. म्हणून मी नको म्हटले. पण घरी आल्यावर सासूबाईंनी मला चांगलेच सुनावले. ज्यांचे चरित्र लिहायचे ते तिसरीपर्यंत शिकलेले होते, मग तुझी सातवी कुठे कमी पडते, असे त्यांनी विचारले. ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून दोन दिवस स्वयंपाक लवकर आटोपून लिहायला बसले. काही चुकले-माकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

गुरुकुंज मोझरीत नांदणाऱ्या बायकांना महाराजांविषयी मी नवीन ते काय सांगणार? आपल्या दारावरूनच दिंड्या जातात. प्रार्थनेची घंटा ऐकून आपण चुलीवरचे भांडे उतरवितो. पण जे रोज डोळ्यांसमोर असते त्याच्याकडे नीट पाहायचे राहून जाते. माझेही तसेच झाले होते. शिवाय हे चरित्र ह्याच वर्षी लिहावेसे वाटण्याला एक कारण आहे. ते ओघाने पुढे येईलच.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी आपल्याच अमरावती जिल्ह्यातील यावली ह्या गावी झाला. पाळण्यातले नाव माणिक. वडील बंडोजी इंगळे आणि आई मंजुळाबाई. घरात गरिबी होती. आईने ह्या लेकराला घेऊन आपले माहेर जवळ केले. ते माहेर म्हणजे वरखेड. माहेरी राहून लेकरू वाढविणाऱ्या बाईला काय काय ऐकावे लागते आणि कसे खाली मान घालून राहावे लागते, हे आपणां बायकांना सांगायला नको. महाराजांचे चरित्र वाचताना मला पुष्कळदा मंजुळाबाईच दिसतात.

माणिकचे मन शाळेत रमले नाही. तिसरीनंतर शाळा सुटली. त्याला ओढ होती ती भजनाची. वरखेडला आडकुजी महाराज नावाचे सत्पुरुष होते. माणिक त्यांच्याजवळ जाऊन बसे आणि भजने म्हणे. आडकुजी महाराजांनीच त्याला तुकड्या हे नाव दिले. भजन म्हणावे आणि कुणी भाकरीचा तुकडा देईल त्यावर दिवस काढावा, म्हणून तुकड्या, असे आपल्याकडे सांगतात. पुढे देशभर गाजलेल्या माणसाने हे नाव कधी बदलले नाही. आपल्या प्रत्येक भजनाच्या शेवटी त्यांनी तेच नाव घातले. मोठेपण आल्यावर गरिबीतले नाव टाकून देणारे कितीतरी लोक आपण पाहतो. म्हणून ही लहानशी गोष्ट मला मोठी वाटते.

आडकुजी महाराज गेल्यावर कोवळ्या वयातच त्यांनी घर सोडले. रामटेक, सालबर्डी, तसेच चिमूरकडील रामदिघी आणि गोंदोडा ह्या रानांतून ते हिंडले. तेथे त्यांनी ध्यान केले, योग केला. ह्या काळातील चमत्काराच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या मी येथे लिहीत नाही. मला नवल वाटते ते एवढेच की रानात गेलेला हा माणूस रानातच राहिला नाही. तो परत गावात आला. पुष्कळांना देव रानात सापडतो आणि मग गाव नकोसे होते. महाराजांना गाव हवेसे झाले.

हातात खंजिरी घेऊन ते गावोगाव भजने करू लागले. मराठीत करीत, हिंदीतही करीत. शब्द सोपे, चाल कुणालाही धरता येईल अशी. सालबर्डीला १९३५ साली त्यांनी मोठा यज्ञ केला, तेव्हा लाखो माणसे जमली होती. त्याच सुमारास मोझरीच्या माळावर गुरुकुंज आश्रम उभा राहिला. आज जेथे नागपूर-अमरावतीच्या मोठ्या रस्त्यावर रात्रंदिवस गाड्या धावतात, तेथे तेव्हा नुसता माळ होता. हा माळ गुरुकुंज म्हणून ओळखला जाऊ लागला तो महाराजांमुळे.

१९३६ साली महात्मा गांधींनी महाराजांना सेवाग्रामला बोलाविले. सुमारे महिनाभर ते तेथे राहिले. तेथून आल्यावर त्यांच्या भजनांत झाडलोट, सूतकताई, दारूबंदी आणि अस्पृश्यता-निवारण हे विषय अधिकच ठळक झाले. १९४२ चा लढा पेटला तेव्हा चिमूर, आष्टी आणि महाराजांचे जन्मगाव यावली ही गावे त्यात होती. महाराजांच्या भजनांनी लोक जागे झाले म्हणून इंग्रज सरकारने २८ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना चंद्रपूर येथे पकडले आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. सुमारे शंभर दिवसांनी, डिसेंबरात, ते सुटले. खंजिरी वाजविणाऱ्या माणसाची सरकारला एवढी भीती वाटावी, ह्यावरूनच त्या खंजिरीचे बळ कळते.

तुरुंगातून आल्यावर त्यांनी जे केले ते आपल्या मंडळाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. भजनाला हजारो माणसे जमत आणि भजन संपले की आपापल्या घरी जात. जागृती झाली तरी ती टिकायची कशी? म्हणून गावोगाव श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा निघाल्या. १९४३ साली येथे छापखाना आला. श्रीगुरुदेव हे मासिक निघू लागले. शाखेचा कार्यक्रम अगदी साधा होता. पहाटे उठून ध्यान, मग ग्रामसफाई, आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. त्यासाठी वर्गणी फार लागत नव्हती, मोठी इमारत लागत नव्हती. एक सतरंजी आणि चार खराटे असले की मंडळ चालू होई. गाडगेबाबांनी खराट्याला मान मिळवून दिला होता, तोच खराटा महाराजांनी प्रार्थनेच्या शेजारी आणून ठेवला.

ह्या प्रार्थनेविषयी थोडे लिहिते. आपल्याकडे बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना आश्चर्य वाटते, कारण प्रार्थनेच्या मुख्य आसनावर कोणत्याही एका देवाची मूर्ती नसते. ज्याचा जो देव असेल तो त्याने मनात आणावा. सर्वांनी ओळीने जमिनीवर बसावे. पाटलाला पाट नाही आणि मजुराला मागची जागा नाही. जो आधी येईल तो पुढे बसेल. तेव्हाच्या काळी विहिरी आणि देवळेसुद्धा सर्वांना खुली नव्हती. अशा काळात सगळ्या गावाने एका ओळीत बसावे हे केवढे धाडस होते, ते आज आपल्या ध्यानात येत नाही.

१९५५ साली महाराजांनी ग्रामगीता लिहून पुरी केली. तिचे ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत. तिसरी शिकलेल्या माणसाने एवढा ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला ग्रामदेवतेला, म्हणजे आपल्या गावालाच. त्यात परलोकाच्या गोष्टी थोड्या आणि गावच्या गोष्टी फार. रस्ता, गटार, शेणखत, शाळा, आजारपण, भांडणतंटे, लग्नातला वारेमाप खर्च, सगळे त्यात आले आहे. महिलोन्नती नावाचा एक पूर्ण अध्याय त्यांनी आपल्यासाठी लिहिला. बाईला शिकू द्यावे, तिला दासी समजू नये, तिला मागे ठेवून गाव पुढे जाणार नाही, असा त्याचा भावार्थ आहे. मी तो अध्याय लग्नानंतर पहिल्यांदा वाचला, तोही सासूबाईंना वाचून दाखविण्यासाठी. त्या डोळे मिटून ऐकत आणि मध्येच मला थांबवून तोच भाग पुन्हा वाचायला लावीत.

त्याच १९५५ साली महाराज जपानला विश्वधर्म परिषदेला गेले आणि तेथेही खंजिरीवर भजन केले. पुढल्या वर्षी भारत साधु समाज स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष महाराज होते. साधूंनी समाजाच्या कामाला लागावे असा त्यांचा आग्रह होता. विनोबांच्या भूदानासाठीही त्यांनी काम केले. १९६२ आणि १९६५ च्या लढायांच्या वेळी ते जवानांना धीर द्यायला गेले. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला तेव्हा ते तेथील लोकांच्या मदतीला धावले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले, आणि २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. तिसरीत शाळा सोडलेल्या मुलाचे नाव आज आपल्या मुलामुलींच्या पदव्यांवर छापून येते.

शेवटी कर्करोगाने त्यांना गाठले. मुंबईला उपचार झाले, पण गुण आला नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, आश्विन वद्य पंचमीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी त्यांनी ह्याच गुरुकुंजात देह ठेवला. वय अवघे एकोणसाठ वर्षांचे होते. आश्रमासमोर त्यांची समाधी आहे. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात बरोबर त्याच वेळेला लाखो माणसे मौन उभी राहतात. कडेवरच्या लेकरालाही त्या वेळी काही कळत असावे, तेसुद्धा रडत नाही. दीड महिन्यापूर्वीच आपण सर्व जणी त्या मौनात उभ्या होतो. आणि त्यानंतर गोपालकाला. कोणाचा हात कोणाच्या पानाला लागतो हे तेथे कुणी पाहत नाही.

आता ज्या कारणासाठी मी हे लिहायला घेतले ते सांगते.

आपल्या मंडळाने पंचवीस वर्षांत पुष्कळ केले. दर शनिवारी सकाळी देवळापासून शाळेपर्यंत आपण रस्ता झाडतो. गुरुवारी एकत्र प्रार्थनेला जातो. पुण्यतिथीला बाहेरगावच्या बायकांना प्यायचे पाणी, झुणका-भाकरी आणि निजायला सतरंज्या पुरवितो. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंना बोलावून मुलींचे रक्त तपासून घेतो. बचत गटातून कितीतरी जणींची शिलाई मशीन आणि शेळ्या झाल्या. हा हिशोब चिटणीसबाईंच्या अहवालात आला आहेच. परंतु एक हिशोब अहवालात आलेला नाही. तो मी लिहिते, कारण त्यात चूक माझी आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाई अकरा वर्षांपूर्वी विधवा झाल्या. मंडळात त्यांच्याइतके काम करणारी दुसरी नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीळ भाजायचे, गूळ किसायचा, लाडू वळायचे, सतरंज्या झटकून अंथरायच्या, वाण मोजून ठेवायचे, हे सगळे त्या करीत. आणि बायका जमू लागल्या की त्या मुकाट्याने आत स्वयंपाकघरात जाऊन बसत. त्यांना जा असे कधी कुणी म्हटले नाही. पण थांबा असेही कुणी म्हटले नाही. मी तर त्यांची धाकटी जाऊ. दहा वर्षे मी हातात करंडा घेऊन सगळ्यांना कुंकू लावीत फिरले आणि आतल्या खोलीच्या दाराशी आले की वळून मागे जात असे. एकदा त्यांची नजर आणि माझी नजर एक झाली. त्यांनीच आधी नजर वळविली, बहुधा मला अवघड वाटू नये म्हणून. त्या रात्री मला झोप आली नाही. तरीही पुढल्या वर्षी मी तसेच केले.

आणि गुरुवारी प्रार्थनेला आम्ही दोघी जावा एका ओळीत, खांद्याला खांदा लावून बसत होतो. एकाच गावात, एकाच मंडळात, गुरुवारचा न्याय वेगळा आणि संक्रांतीचा न्याय वेगळा. हे मला इतकी वर्षे दिसले कसे नाही?

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर सरकारनेही इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे म्हणून परिपत्रक काढले. तेव्हा आपल्याकडेही चार दिवस चर्चा झाली आणि विरून गेली. यंदा भाद्रपदातल्या बैठकीत मी धीर करून विषय काढला की येत्या संक्रांतीचे हळदीकुंकू मंडळातील सर्व भगिनींचे असावे. पुष्कळ वेळ कुणी बोलले नाही. मग काही जणींनी लोक काय म्हणतील असे विचारले. एका भगिनीला आपल्या सुनेच्या सौभाग्याची काळजी वाटली. तिचे मन मी समजू शकते, तिला मी नावे ठेवीत नाही. जाऊबाई तेथेच बसल्या होत्या. त्यांनी हळूच सांगितले की माझ्यामुळे मंडळात भांडण नको, मला आत बसण्याची सवय झाली आहे. ते ऐकून माझ्या पोटात कालवले.

तेव्हा सासूबाई बोलल्या. त्या सहसा बैठकीत बोलत नाहीत. त्यांनी आपल्या लहानपणची गोष्ट सांगितली. त्यांच्या माहेरच्या गावी महाराजांचे भजन होते. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक दमण्या जुंपून आले होते. सासूबाईंची आत्या बालपणीच विधवा झालेली. ती कोणत्याही मंगल कार्याला जात नसे, सकाळी कुणाच्या पुढून चालत नसे, दारात कुणी परगावी निघाले असेल तर मागल्या दाराने बाहेर पडे. पण त्या संध्याकाळी प्रार्थनेला सर्वांनी बसायचे म्हटल्यावर ती इतर बायकांबरोबर पहिल्या ओळीत जाऊन बसली. कुणी तिला उठविले नाही. रात्री खंजिरी वाजू लागली तशी ती मोकळेपणाने टाळ्या वाजवू लागली. आत्याला टाळ्या वाजविताना आपण जन्मात तेवढे एकदाच पाहिले, असे सासूबाईंनी सांगितले. आणि पुढे त्यांना विचारावेसे वाटले की सवाष्ण म्हणून आपण हे कुंकू लावतो, पण उद्या आपल्यापैकी कोणावर ही पाळी येणार नाही असे कोण लिहून देईल? त्या दिवशी आपल्यालाही आत जाऊन बसावे लागेल काय?

बैठकीत ठराव मंजूर झाला. हात सर्वांनी वर केले नाहीत, हेही मी खरे तेच लिहिते. काही भगिनी त्या दिवशी येणार नाहीत असे माझ्या कानावर आले आहे. महाराजांचे नाव पुढे करून मला कुणावर जबरदस्ती करायची नाही. पण ज्यांनी सगळ्या गावाला एका ओळीत बसविले, त्यांच्या गावात आपण राहतो. पाटील आणि मजूर एका ओळीत बसले तेव्हाही लोक काय म्हणतील हा प्रश्न होताच. तो प्रश्न विचारणारे आज कुणाच्या लक्षात नाहीत. ओळ मात्र राहिली आहे.

पुढील कार्यक्रम चिटणीसबाईंच्या सांगण्यावरून येथे देते. संक्रांतीचे हळदीकुंकू नेहमीप्रमाणे मंडळाच्या जागेत, दुपारी चार वाजता होईल. वाण म्हणून यंदा प्लास्टिकच्या डब्या न देता प्रत्येकीला परसात लावायला कढीपत्त्याचे रोप द्यावयाचे आहे. शेजारणींनीही यावे. ज्या भगिनी विधवा आहेत त्यांच्या घरी आम्ही चौघी जणी आदल्या दिवशी स्वतः बोलावणे करायला जाणार आहोत. चिठ्ठी पाठविणार नाही. ज्यांना कुंकू लावून घ्यायचे नसेल त्यांना हळद आणि फूल देऊ, तेही नको असेल तर तिळगूळ देऊ. कुणी आत बसायचे नाही एवढेच. ३० एप्रिलला ग्रामजयंती, म्हणजे महाराजांचा जन्मदिवस. त्या दिवशी पहाटे ध्यान झाल्यावर संपूर्ण वस्तीची सफाई करायची आहे. प्रत्येकीने आपला खराटा आणावा, आणि घरातल्या पुरुषमंडळींनाही आणावे. आश्विनातल्या पुण्यतिथीसाठी ज्वारीचे पीठ आणि बेसन जमविण्याचे काम पोळ्यानंतर सुरू होईल.

हे लिहून झाल्यावर मी जाऊबाईंना वाचून दाखविले, कारण त्यांच्याविषयी त्यांना न विचारता छापणे बरे नव्हे. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी लेखातली एक चूक काढली. यंदा गूळ किसायचा नाही, चिक्कीचा गूळ आणायचा आहे आणि तो आणायला आपल्या दोघींना बरोबर अमरावतीला जायचे आहे, असे त्यांनी सांगितले. लाडू त्याच वळणार आहेत. करंडा मात्र मी यंदा त्यांच्या हाती देणार आहे. हे त्यांना अजून माहीत नाही. स्मरणिका छापून आली की कळेल.